नाक, वात्सल्य आणि पाठभेद

‘हे तर शेंबडे पोरही सांगेल’ हे वाक्य मराठी वादविवादात फार जुने आणि फार सोयीचे आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा इतका उघड, इतका क्षुल्लक आहे की ज्याला स्वतःचे नाक शिंकरता येत नाही त्यालाही तो ठाऊक असावा, असा त्याचा अर्थ. एका परीक्षणात आम्हीही ते वापरले आहे, आणि ते लिहिताना आम्हाला बरेच समाधान वाटले होते हेही कबूल करतो. गेल्या महिन्यात मात्र एक खरेखुरे शेंबडे पोर मध्यरात्री आमच्या मांडीवर होते. ते काहीच सांगत नव्हते. ज्यांनी त्याच्या वतीने काही सांगायचे, त्या घरातल्या चार जाणत्या माणसांचे एकमत होत नव्हते.

पोर म्हणजे आमची नात, वय पाच महिने. लेक माहेरपणाला आलेली. पावसाची झड लागली, घरात कोणीतरी पडसे आणले आणि ते फिरत फिरत सर्वांत लहान नाकापर्यंत पोचले. पहिल्या दिवशी पाण्यासारखे वाहणारे नाक तिसऱ्या दिवशी चोंदले. बाळ छातीशी लागे, दोन घोट घेई आणि तोंड सोडून रडू लागे. वरच्या ओठावर आणि नाकपुड्यांच्या कडेला कातडी लाल होऊन सोलवटली होती, त्यामुळे रुमाल जवळ आला की ते मान फिरवी. आमच्या आत्याने (वय वर्षे चौऱ्याऐंशी, आमच्यासकट घरातली दोन पिढ्यांची बाळे तिच्या पायावर न्हालेली) खोबरेल तेलाची वाटी कोमट करून तीत कापूर चुरला आणि तुपाचा एक थेंब नाकात सोडावा असे सुचवले. लेक म्हणाली, “आत्याआजी, कापूर नको आणि नाकात तूप तर मुळीच नको.” आत्या म्हणाली, “तुझ्या आईला हेच केलं होतं गं.” या ठिकाणी आम्ही मध्ये पडलो. लोकपरंपरा आणि मौखिक ज्ञान या विषयावर आम्ही वर्गात पंचवीस वर्षे बोलत आलो आहोत. त्या बळावर आम्ही लेकीला परंपरेकडे तुच्छतेने पाहू नये असे चार शब्द ऐकवले. लेकीने काही न बोलता वाटी उचलली आणि मोरीत ओतली.

ती बरोबर होती. आम्ही का चुकलो, हा या लेखाचा विषय आहे. तो केवळ घरगुती नाही. मराठीच्या अभ्यासकांची एक खोड त्यात आहे असे आम्हाला वाटते.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत नाकाचे वाक्प्रचार मोजायला बसलो तर वही भरेल. नाक कापले जाते, वर होते, मुरडले जाते, घासले जाते. नाकाने कांदे सोलले जातात. नाकी नऊ येतात. यातले बहुतेक नाक हे अब्रूचे नाक आहे. श्वासाचे नाक त्यात शोधावे लागते. सापडते ते ‘नाकाशी सूत धरणे’ यासारख्या प्रयोगात, म्हणजे माणूस जाण्याच्या वेळी. येणाऱ्या माणसाच्या श्वासासाठी आमच्या भाषेने म्हण केली नाही. जी एक म्हण जवळपास जाते, ‘नाक दाबले की तोंड उघडते’, ती नेमकी तान्ह्या बाळाच्या बाबतीत खोटी पडते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक बंद झाले म्हणून तोंडाने श्वास घ्यावा हे त्याला मोठ्यांसारखे सहज साधत नाही; रडू लागले की तोंड उघडते आणि तेव्हा कुठे हवा मिळते. पिताना तर तोंड गुंतलेलेच असते. एरवी बाळ चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांची लय उत्तम सांभाळते. नाक चोंदले की ती लय तुटते. मोठ्या माणसाचे पडसे ही कटकट असते. तान्ह्याचे पडसे हा थेट अन्नाचा प्रश्न असतो. आत्याला हे ठाऊक होते. ‘नाक मोकळं करा, मग पाजा’ हे तिचे पहिले वाक्य होते आणि ते अक्षरशः बरोबर होते. पंचाईत पुढच्या वाक्यापासून सुरू झाली.

आता साहित्याकडे. रसचर्चेत भरताच्या आठ रसांत बीभत्साला जागा आहे, त्याचा स्थायिभाव जुगुप्सा. वत्सल रसाला स्वतंत्र मान्यता पुढे चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त दिली. अपत्य हा त्याचा आलंबनविभाव. वर्गात आम्ही हे दोन्ही रस वेगवेगळ्या दिवशी शिकवतो. शेंबूड आलेले बाळ कोणत्या दिवशी शिकवायचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात दुष्यंत अनोळखी बालकाकडे पाहून, मुलांच्या अंगावरच्या धुळीने ज्यांची मांडी मळते त्या आईबापांचा हेवा करतो. तिथे धूळ चालते. जनाबाईंच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाभोवती केवढा गोतावळा आहे: निवृत्तिनाथ खांद्यावर, नामदेव करंगळी धरून, मुक्ताबाई मागे. एवढी मुले एकत्र आणि एकाचेही नाक वाहत नाही! हा अभंगाचा दोष नव्हे, भक्तीचे काम वेगळे आहे. पण जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहांतूनही आम्ही विद्यार्थ्यांपुढे बाळाची दृष्ट, पाळणा, जावळ, वाळे यांच्याच ओव्या ठेवत आलो आहोत. शेंबूड मराठीत ठळकपणे आला तो ग्रामीण कथेत आणि दलित आत्मकथनांत, आणि तिथेही तो बहुधा दारिद्र्याची खूण म्हणून येतो. हे पोर उघडे आहे, उपाशी आहे, दुर्लक्षित आहे असे त्या वाहत्या नाकाने सांगायचे असते. वास्तविक सुखवस्तू घरातल्या बाळालाही वर्षाकाठी सहा-आठ वेळा पडसे होते. तिथे मात्र नाक वाहत नाही, ‘सर्दी होते’.

याचा परिणाम असा की बाळाच्या नाकाविषयीचे जे ज्ञान समाजाकडे आहे ते लिखित परंपरेच्या बाहेर राहिले. त्याला आम्ही ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो. या शब्दात प्रेम आहे तसाच आळस आहे. बटवा म्हटले की आत काय आहे हे पाहायचे नसते. एक तर डोक्यावर घ्यायचा किंवा फेकून द्यायचा. एखादी पोथी हाती आली तर आम्ही असे वागत नाही. तिच्या प्रती जमवतो, पाठभेद लावतो, कोणता भाग मुळातला आणि कोणता प्रक्षिप्त याचा निकाल करतो, आणि मूळ पाठही सदोष असू शकतो हे धरून चालतो. मौखिक ज्ञान म्हटले की हा सगळा काटेकोरपणा कुठे जातो? त्या रात्री आम्ही आत्याची बाजू घेतली ती आत्या काय म्हणते हे न तपासता. तो आदर नव्हता. परीक्षक कवितासंग्रह न वाचता त्याची स्तुती करतो, तसा तो प्रकार होता.

तेव्हा बटव्याची संहिता थोडी पाहू.

त्यातला अस्सल भाग पुष्कळ आहे. आत्याने पहिल्या दिवसापासून बाळाच्या नाकाला टॉवेल किंवा कडक रुमाल लावू दिला नाही. जुन्या नऊवारी लुगड्याचे धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे तिने फाडून ठेवले होते. ‘पुसू नका, टिपा’, ही तिची आज्ञा. मराठीतला हा भेद आम्हाला शिकवताना कधी सुचला नव्हता. पुसणे म्हणजे घासून नाहीसे करणे, पाटी पुसतात तसे. टिपणे म्हणजे हलकेच उचलून घेणे. पाखरू दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो. नाकाखालची सोलवटलेली त्वचा ही बव्हंशी पडशाची नव्हे तर पुसण्याची देणगी असते. सतत ओले राहून तिथली कातडी हुळहुळी होते आणि वर कापडाचे घर्षण. उपायही तसाच साधा. कापड कोमट पाण्यात भिजवून पिळायचे, वाळलेला मेकूड असेल तर त्यावर क्षणभर ठेवून तो मऊ होऊ द्यायचा, खरवडायचा नाही. मग टिपून कोरडे करायचे आणि वरच्या ओठावर व नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्यायचा. त्यामुळे पुढचा ओघळ थेट त्वचेला लागत नाही. आत्या इथे ताजे लोणी लावीत असे. तत्त्व एकच, आणि लोणी निदान बाहेर लावले जाई. ‘बाहेर’ या शब्दावर आमचा जोर आहे, कारण नाकाच्या आत बोट गेले की संहिता बदलते.

बाळाला जागेपणी खांद्याशी उभे धरणे, एका वेळी थोडे पण वारंवार पाजणे, खोली धूर आणि उदबत्तीपासून मोकळी ठेवणे, हेही सगळे टिकणारे पाठ. झोपेत डोके उंच राहावे म्हणून उशी देणे मात्र नाही. तान्ह्याला सपाट, घट्ट गादीवर पाठीवरच निजवावे. मोहरीची उशी कितीही मायेने शिवलेली असली तरी.

नाक आतून मोकळे करण्याचे काम मिठाचे पाणी करते. औषधाच्या दुकानात लहान मुलांसाठीचे सलाइनचे थेंब मिळतात. १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ एवढेच त्यात असते, म्हणजे शरीरातल्या द्रवांशी जुळणारा खारटपणा, म्हणून ते झोंबत नाही. घरी अंदाजाने मीठ टाकले की प्रमाण चुकते आणि पाणी उकळून निवलेले नसेल तर दुसरेच दुखणे. तेव्हा बाटली आणलेली बरी. बाळाला उताणे निजवून प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मिनिटभर थांबायचे, शिंक आली तर आनंदच. नंतर हवे तर रबरी बल्बने ओढायचे. बल्ब आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचे, मग हळूच सोडायचा. क्रम उलटा झाला की शेंबूड आत ढकलला जातो. आम्ही पहिल्या खेपेला तेच केले. हे पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी करावे, आणि दिवसातून तीन-चार वेळांहून अधिक ओढू नये, नाहीतर आतली त्वचा सुजून नाक आणखी चोंदते. जगातल्या कित्येक समाजांत आया बाळाचे नाक स्वतःच्या तोंडाने ओढून मोकळे करत आल्या आहेत. आज बाजारात जी नळी मिळते, जिचे एक टोक बाळाच्या नाकाशी आणि दुसरे आईच्या तोंडात असते व मधे गाळणी असते, ती त्याच क्रियेची सोवळी आवृत्ती आहे. वत्सल आणि बीभत्स यांची जिथे गाठ पडते ती जागा पाहायची असेल तर ती ही.

आता प्रक्षेप. नाकात तेल किंवा तूप सोडणे हा त्यातला सर्वांत प्रतिष्ठित. पाणी घशात चुकीच्या वाटेने गेले की ठसका लागतो. स्निग्ध पदार्थ तो ठसका नीटसा लागू न देता श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरू शकतो आणि तिथे दाह निर्माण करतो. अशा न्यूमोनियाची नोंद भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी वारंवार केली आहे. कापूर हा दुसरा. तो मोठ्यांना नाक मोकळे झाल्याचा भास देतो. चोंदलेपणा तसाच राहतो, थंडावा तेवढा जाणवतो. तान्ह्या शरीरात तो पोटातून, त्वचेतून, नाकातून शोषला गेला तर झटके येऊ शकतात. छातीला चोळायच्या मलमांतही कापूर असतो, म्हणून ती दोन वर्षांखालील मुलांना लावायची नसतात. तशी सूचना व्हिक्सच्या वेष्टनावरही असते. मध तिसरा. एक वर्षाच्या आत मधाचे बोटही नको, कारण त्यातल्या सूक्ष्म बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा जीवघेणा विकार होऊ शकतो. ओव्या-वावडिंगाची धुरी धूरच असते, ती सुवासिक असली तरी. गरम पाण्याच्या पातेल्याजवळ बाळ धरून वाफ देण्याने नाक मोकळे होण्यापेक्षा भाजण्याची शक्यता मोठी. आणि या ओळीच्या टोकाला, श्वास लागलेल्या किंवा पोट फुगलेल्या लेकराला तापल्या लोखंडाने डागणे. मेळघाटातून अशा बातम्या अजूनही येतात. तिलाही कोणीतरी परंपराच म्हणत असते.

आमचे काही वाचक इथे सुखावतील, म्हणून सांगतो की प्रक्षेप केवळ जुने नसतात. ‘आता ते जुने उपाय नकोत, चांगलेसे सिरप आणा’ हे वाक्य आमच्या घरातही उच्चारले गेले, आणि ते आत्याचे नव्हते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली अनेक उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. त्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत असे पुन्हा बजावले. विषाची भेसळ नसली तरी या वयात ती औषधे पडशावर काही करत नाहीत, अपाय तेवढा करू शकतात. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागण्याचेही तसेच. विषाणूच्या साध्या पडशात तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग बदलतोच. सात ते दहा दिवसांत ते आपोआप ओसरते. मराठीत ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण आपण राजकारणात वापरतो. ती बालरोगशास्त्रात जास्त शोभेल.

मग केव्हा थांबायचे आणि केव्हा धावायचे? इथे आम्हाला एक उदाहरण फार मोलाचे वाटते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत बालमृत्यूंवर काम करताना न्यूमोनियाचे निदान गावातल्याच माणसांच्या हाती दिले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले होते. आमचे लक्ष वेधले ते एका छोट्या साधनाने. अक्षरओळख नसलेल्या सुइणींना मिनिटभरातले श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक यंत्र तयार केले. ज्या बाईला आम्ही साहित्याचे लोक ‘मौखिक परंपरेची वाहक’ म्हणून गौरवतो आणि पुढे जातो, तिच्या हाती कोणीतरी मोजमाप दिले. तिची नजर आधीपासून तयार होतीच. लेकराच्या बरगड्या उडतात, नाकपुड्या फुलतात, पोर मलूल झाले, हे ती पाहत होती. तिला हवा होता तो आकडा. तो असा: दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, तर तो धोका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर दिसणे, पिणे सोडणे, लघवी कमी होणे, उठवूनही न उठणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो वा दिवस, दवाखाना. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर इतर काही दिसण्याची वाट पाहायची नाही.

त्या रात्री वाटी मोरीत रिकामी झाल्यावर लेकीने बाळाचे झबले वर केले, मोबाइलवर मिनिट लावले आणि मोजायला सुरुवात केली. बाळ रडत असताना आकडा फसवा येतो, म्हणून ते शांत होईपर्यंत थांबावे लागले. त्या मिनिटभरात घरात कोणी बोलले नाही. आत्याही चष्मा लावून पुढे वाकली आणि मनातल्या मनात मोजू लागली. लेकीचे बेचाळीस झाले, आत्याचे चव्वेचाळीस. दोघींनी पुन्हा मोजले. आम्ही सलाइनची बाटली आणायला चौकातल्या, रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात गेलो. तेवढेच आमच्या योग्यतेचे काम उरले होते.

आठव्या दिवशी नाक वाहायचे थांबले, ओठावरची लाली त्याआधीच गेली होती. लुगड्याचे तुकडे धुऊन, उन्हात वाळवून आत्याने पुन्हा बटव्यात ठेवले आहेत. सलाइनची बाटली तिथे ठेवू नये, उघडल्यावर ती फार दिवस वापरायची नसते, हे तिला दोनदा सांगावे लागले. कापूर देव्हाऱ्यात परतला. मधाचा वाद मात्र मिटलेला नाही. पुढच्या महिन्यात उष्टावण आहे, आणि चांदीच्या वाटीत खिरीबरोबर मधाचे बोट हवेच असे आत्याचे म्हणणे आहे.